टाकीच्या तोंडाशी बसणारा कादिर परकार

कादिर परकार सौदीला काय काम करतो, असं गावात कुणी विचारलं की त्याची बायको साबिरा सांगायची, "लोकांना हाका मारतंत." विचारणाऱ्याला वाटायचं बाई चेष्टा करते. पण ती खरंच सांगत होती. कादिरचं काम हाका मारायचंच होतं.

जुबैलचे कारखाने रात्रंदिवस चालतात, पण अधूनमधून एखादा थंड करून उघडावा लागतो. त्याला तिथे शटडाऊन म्हणतात. मग त्या अजस्र टाक्यांची पोटं घासायला माणसं आत शिरतात. शिरायला एकच गोल भोक असतं, खांदे तिरके केले तर माणूस जाईल एवढं. त्या भोकाबाहेर एक जण स्टुलावर बसवतात. त्याला होल वॉच म्हणतात. शेजारी फळी, फळीला खिळे. आत जाणारा आपला बिल्ला खिळ्याला अडकवायला त्याच्या हातात देतो आणि बाहेर आला की परत घेतो. होल वॉचने दुसरं काहीही करायचं नाही. उठायचं नाही, खायचं नाही, बदली माणूस येईस्तवर नमाजालाही जायचं नाही. मधूनमधून आतल्याचं नाव घेऊन हाक मारायची आणि त्याची ओ ऐकायची. आतला माणूस जिता आहे एवढं बाहेरच्या जगाला ठाऊक असावं, यासाठी त्याला पगार.

या कामाला कादिरसारखा दुसरा माणूस मिळाला नसता. त्याचा बाप बाणकोटच्या खाडीवर तर, म्हणजे उतारूंची होडी, चालवायचा. पलीकडच्या काठावर उतारू आहे का, हे बघायला बाप पोराला उभा करायचा, आणि पोरगं असं ओरडायचं की पलीकडची कुत्री उठून बसायची. त्या पोराची आता पन्नाशी उलटली होती, डोक्यावरचे केस गेले होते, पण आवाजाला काही झालं नव्हतं. पाण्यावरून जायला शिकलेला आवाज लोखंडातूनही जातो.

त्याच्याजवळ एक पुस्तक होतं. कॅम्पात त्याला सगळे भट्टीचं पुस्तक म्हणत, कारण पुठ्ठा आणि पहिली पानं केव्हाच गेली होती आणि खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. दीडशे वर्षांमागचं तरी असावं. कारखाने म्हणजे काय, लोखंड कसं वितळतं, वाफेला कामाला कसं लावतात, हे साध्या माणसाला समजावं म्हणून कुणा शहाण्यानं लिहिलेलं. कादिरचा पणजा आगबोटीवर आगवाला होता, भट्टीत कोळसा मारायचा. त्याला अक्षर येत नव्हतं. पण आपण जन्मभर जिच्या तोंडात कोळसा घालतो तिच्या पोटात काय आहे, हे कुणीतरी लिहिलंय असं कळल्यावर त्यानं ते मुंबईत घेतलं आणि पेटीत तळाला ठेवलं. तेव्हापासून ते पेटीतून पेटीत येत शेवटी जुबैलच्या कॅम्पात कादिरच्या खाटेखाली आलं.

शुक्रवारी सुट्टी. जुम्मा झाला, मासळीभात झाला, की खोलीतली कोकणची पोरं खाटांवर आडवी व्हायची आणि कुणीतरी म्हणायचं, "हां कादिरभाय, काडा भट्टी." मग कादिर चष्मा लावून वाचायचा. लिहिणाऱ्याची तऱ्हा अशी, की तो वाचणाऱ्याचा हात धरून कारखान्यातून फिरवायचा.

'वाचकहो, आता आपण भट्टीखान्यात प्रवेश करू. अंगरखा सावरून घ्यावा. भिऊ नये, हा जो गडगडाट ऐकू येतो तो राक्षसाचा नव्हे, वाफेचा आहे. येथे डोके खाली करा. डाव्या हातास लहानसे दार आहे, त्यातून माझ्या मागोमाग या.'

"अंगरखा सावरा म्हनं," भिकू खाटेवरून खुंटीवरच्या कामाच्या अंगभर पोशाखाकडे बोट करत म्हणायचा. "हितं कवरालची चेन लागत नाय."

भिकू गुहागरकडचा. टाकीच्या आतली घाण ग्राइंडरनं घासायचं त्याचं काम. अंगानं सुपारीच्या झाडासारखा, म्हणून जिथे कुणी शिरत नाही तिथे त्याला घालायचे. तो आणि कादिर एकाच वर्षी या कॅम्पात आले आणि तेव्हापासून एकमेकांची टर उडवण्यात त्यांचं बरं चाललं होतं.

लिहिणाऱ्याची आणखी एक खोड होती. एखादी गोष्ट सांगून झाली की तो 'असो' म्हणायचा आणि पुढे चालू लागायचा. ते 'असो' सगळ्या कॅम्पानं उचललं होतं. डाळ पातळ झाली, असो. सुट्टी नामंजूर झाली, असो. व्हिसावाल्या कफील मालकानं फोन उचलला नाही, असो.

आणि भिकूचीही एक खोड सगळ्यांना पाठ होती. पहिल्या हाकेला तो ओ द्यायचा नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. आपल्याकडे तिन्हीसांजेनंतर आणि पाण्याकाठी ही रीत पाळतात. कारण दुसरं जे कुणी हाक मारतं ते तीनदा मारू शकत नाही. भिकूच्या आईनं हे त्याच्या इतकं हाडात घातलं होतं, की मेसमध्ये जेवायला हाक मारली तरी स्वारी तिसऱ्या हाकेला उठायची.

"तुना जन्नतमध्ये बोलवतील तर तिथं पन तू तिसऱ्या हाकेपर्यंत थांबशील," कादिर म्हणायचा.

"थांबंन. बोलवनारा खरा आसंल तर तीनदा बोलवंल."

पुस्तकात एक पान होतं, ते मात्र ऐकायला आडवी झालेली पोरं उठून बसायची. ते असं होतं.

'बाष्पपात्राच्या पोटात पाण्याची पांढरी खापरी धरते. ती छिनीने काढण्यास कृश अंगाचे कामकरी आत उतरवितात. येथे ध्वनीचा एक धर्म सांगणे उपयोगी होईल. पोकळ लोखंडात निघालेला शब्द भिंतींवर आपटून नाना दिशांनी परत येतो. एका कारखान्यात पात्र बंद करण्यापूर्वी मुकादमाने प्रत्येकास नाव घेऊन हाक मारिली. सर्वांची ओ आली. त्यांपैकी एकाची ओ आतून आली होती. परंतु घुमल्यामुळे ती बाहेरूनच आली असा भास झाला. झाकण बसविण्यात आले व खाली अग्नी पेटविण्यात आला. दुसरे दिवशी चूक ध्यानात आली. यावरून वाचकांनी ध्वनीच्या परावर्तनाचा नियम लक्षात ठेवावा. असो. आता आपण मोठ्या घणाकडे वळू.'

"नाव नाय लिवलान त्याचा," कादिर दर वेळी म्हणायचा. "घणाचं वजन लिवलान, भट्टीची उंची लिवलान. मानसाचा नाव नाय."

"पयल्या हाकेला ओ दिलान त्यानं," भिकू म्हणायचा. "म्हनून गेला."

त्या फेब्रुवारीत त्यांच्या कंपनीला एका कारखान्याचं शटडाऊन मिळालं. कादिरच्या वाट्याला एक आडवी टाकी आली, दोन एसट्या एकामागे एक लावल्या तर मावतील एवढी लांब. पोटात पत्र्याच्या आडभिंती. पहिलीचं दार डाव्या अंगाला, दुसरीचं उजव्या, पुन्हा डाव्या, असं नागमोडी. मॅनहोल एकाच टोकाला. तिथून बॅटरी मारली तर उजेड पहिल्या भिंतीवर आपटून तिथेच मरायचा.

पहिल्या सकाळी हवा तपासून झाली, अजून कुणी आत गेलेलं नव्हतं. सुपरवायझर सुशील हातात मीटर घेऊन उभा होता. हा पुण्याकडचा, वयानं तरुण, पण कामगाराशी नीट बोलणारा. कादिरनं सवयीनं भोकात तोंड घालून विचारलं, "कोन हाय काय आत?"

"ओ."

आवाज सावकाश आला. दमलेला. पाळी संपत आलेल्या माणसाचा असतो तसा.

कादिर मागे सरकला. सुशीलनंही ऐकलं होतं. तो म्हणाला, "प्रतिध्वनी आहे, चाचा."

"मी 'ओ' बोल्लो नाय साहेब."

सुशील हसला, पण हसून सोडून देणारा तो नव्हता. हेल्मेटची बत्ती लावून तो स्वतः आत गेला, शेवटच्या भिंतीपर्यंत जाऊन आला, आणि बाहेर येऊन हात झटकत म्हणाला, "रिकामी आहे. काळं तेलकट सगळं. घसरू नका म्हणावं पोरांना."

त्या दिवसापासून भिकू, चिपळूणचा विनोद आणि मंडणगडचा बाळकृष्ण असे तिघे आत जायला लागले. रोज सकाळी, ते आत शिरायच्या आधी, कादिर एकदा त्या भोकात विचारायचा, आणि रोज पहिल्याच हाकेला ओ यायची. मग त्यानं त्याची भीती घेणं सोडलं. ओळखीच्या घरावरून जाताना ओटीवरचा म्हातारा रोज खाकरतो, तसं ते झालं. फक्त त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण एके दिवशी चहाच्या वेळी भिकू त्याच्या स्टुलापाशी उकिडवा बसला आणि गमछानं तोंड पुसत म्हणाला, "कादिरभाय, आत कोनतरी माजा नाव घेतोय."

"मीच घेतो. तां माझा काम हाय."

"तुमचा फुडनं येतो. ह्यो मागनं येतो. शेवटच्या खणातनं."

"माझी हाक मागल्या पत्र्यावर आपटते आणि तुज्या पाठीमागून परत येते. पुस्तकात लिवलेला हाय."

भिकूनं चहा संपवला. कप चुरगळला. "तुमी हाक मारायच्या आदी येते," तो म्हणाला.

कादिरनं भोकाकडे बघितलं. त्याला सकाळच्या त्या 'ओ'ची गोष्ट सांगावीशी वाटली आणि सांगवली नाही.

"म्हनून सांगून ठेवतंय," भिकू उठत म्हणाला, "आत असताना दिवस असू दे नायतर रात, तिसऱ्या हाकेबिगर माजी ओ येनार नाय. तुमी पन तीनदा मारा. इसरू नका."

"नाय इसरत."

त्याच पुस्तकात दुसरीकडे लिहिलं होतं: 'लोखंडास मरण नाही. जुने बाष्पपात्र मोडून भट्टीत घालावे, त्याचे नवे होते. आज जो नांगर आहे तोच उद्या तोफ व परवा पूल होईल.' त्या संध्याकाळी बसमध्ये बसल्या बसल्या कादिरला हे वाक्य आठवलं आणि तो खिडकीतून बाहेरच्या पाईपांकडे बघत राहिला. हे सगळं लोखंड आधी कुठे होतं, कुणाला ठाऊक.

टाकीची सफाई संपायच्या दिवशी दुपारी गुबार आला.

आखातात राहिलेल्याला गुबार म्हणजे काय ते सांगायला नको. आधी क्षितिजावर मळकी भिंत उभी राहते. वारा नसतो. मग उजेड पिवळा होतो, पिवळ्याचा नारिंगी होतो, आणि भर दुपारी कुणीतरी जगावर तांब्याचं पातेलं पालथं घातल्यासारखं वाटतं. उंच मनोरे कमरेपासून वर नाहीसे झाले. जादा गॅस जाळणाऱ्या फ्लेअरची ज्योत एरवी सूर्यासारखी भडकते, ती विझत्या निखाऱ्याएवढी दिसू लागली. भोंगा झाला. त्याबरोबर वीज गेली, टाकीत हवा सोडणारा पंखा घरघर करत थांबला आणि आतले दिवे मालवले.

कादिरनं शिट्टी फुंकली. "भायेर या सगळे. भायेर या."

पहिला विनोद आला. अंग मोकळं करत उभा राहिला, बिल्ला घेतला, तोंडाला गमछा गुंडाळून बसथांब्याकडे वळला. मागून बाळकृष्ण. तोवर वाळू अशी झोडपायला लागली होती की डोळ्यापुढचा हात दिसेना. मग तिसरा आला. त्याच्या डोक्याला, तोंडाला सगळीकडे फडकं होतं. वाकूनच बाहेर आला आणि वाकूनच उभा राहिला, पाठ सरळ करायची सवय गेलेल्या माणसासारखा. त्यानं हात पुढे केला. कादिरनं फळीवरचा शेवटचा बिल्ला त्या हातावर ठेवला.

हात गार होता. टाकीतल्या उकाड्यातून येऊनही हौदातून काढल्यासारखा गार. बोटांवर पांढरी पूड होती.

तो वळला आणि नारिंगी धुळीत चालू लागला. बसथांबा उजवीकडे होता, हा डावीकडे चालला होता. कादिरच्या तोंडावर 'अरे भिक्या, कुटं' असं आलं होतं. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही आणि कुठे चाललास विचारायचं नाही, हे त्याच्याही घरात तितकंच पाळत. त्यानं ओठ मिटले. चार पावलांवर तो माणूस दिसेनासा झाला.

फळी रिकामी झाली होती. कादिर टाकीच्या आडोशाला स्टूल ओढून, डोक्यावर कव्हरॉलची कॉलर घेऊन बसून राहिला.

वारा थोडा बसला तेव्हा सुशील आला, मागोमाग झाकण बसवणारी माणसं. सुशीलच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. कानाशी रेडिओ ओरडत होता.

"चाचा, टाकी घासून झालीय, सकाळीच तपासलीय. माती आत जायला लागली तर सगळं पुन्हा करावं लागेल. झाकण लावून टाकू. संध्याकाळी नायट्रोजन सोडतायत."

नायट्रोजनला वास नसतो, रंग नसतो. तो भरलेल्या टाकीत माणसानं दोन श्वास घेतले की गुडघे वाकतात आणि तिसरा श्वास राहत नाही. हे कादिरला कुणी सांगायला नको होतं.

"आत कोणी नाही ना?"

"फळी खाली हाय साहेब."

"तरी एकदा हाक मारा. नियम आहे."

कादिरनं भोकात तोंड घातलं. "विनोद." बसथांब्यावरून विनोदनं हात वर केला, "हितं हाय." "बाळकृष्ण." विनोदच म्हणाला, तो पहिल्या बसनं गेला. "भिकू."

काहीच आलं नाही.

टाकीनंही ओ दिली नाही. रोज पहिल्या हाकेला बोलणारी टाकी त्या दिवशी तोंड मिटून गप्प होती. कादिरला आधी हलकंच वाटलं. त्यानं मान हलवली. "कोन नाय."

झाकण फिरलं, भोकावर बसलं. एक बोल्ट आवळला गेला, दुसरा आवळायला घेतला. कादिरनं स्टूल उचललं. आणि स्टूल हातात धरून तो तसाच उभा राहिला.

त्यानं एकदाच हाक मारली होती.

"विनोद," त्यानं विचारलं, "भिकूला बसमध्ये चडताना बगितलास?"

"मी पयला भायेर पडलो. बाळकृष्न बोल्ला म्हनून कळला, धुळीत बाकी कोन चडला ता दिसला नाय. का वो?"

कादिरला तो गार हात आठवला. टाकीतली घाण काळी आणि तेलकट होती. तिघांचे हात रोज कोपरापर्यंत काळे होऊन यायचे. पांढरी पूड त्या टाकीत कुठेच नव्हती.

"साहेब," तो म्हणाला, "झाकन उघडा. दोन हाका राहिल्यात."

"मारलीत ना हाक?"

"भिकू पयल्या हाकेला ओ देत नाय. दुसऱ्यालाबी देत नाय."

बोल्ट आवळणारा माणूस पाना धरून थांबला. रेडिओ पुन्हा ओरडला, युनिटवाल्यांना टाकी हवी होती. सुशीलनं कादिरच्या तोंडाकडे बघितलं. त्याला ती रीत समजली असेल असं नाही. पण त्यानं रेडिओचं बटण फिरवून तो बंद केला आणि म्हणाला, "उघडा."

झाकण बाजूला झालं. भोक पुन्हा काळं दिसू लागलं.

"भिकूऽ." दुसरी हाक. ती भिंतींवर आपटत गेली, परत आली, विरली. काही नाही. सुशील काहीतरी बोलायला गेला, कादिरनं हातानं थांबवलं. एका हाकेत आणि दुसरीत दम घ्यायचा असतो. घाई करतो तो खरा नव्हे, असं ऐकणाऱ्यानं धरून चालायचं असतं. कादिरनं खाडीच्या या काठावरून त्या काठाला मारायचा तसा श्वास पोटात भरून घेतला.

"भिकूऽऽऽ."

वाळू लोखंडावर सरसरत होती. मग फार लांबून, तळातून, बारीक आवाज आला.

"ओ."

सुशीलच्या तोंडचा रंग गेला. "हाही प्रतिध्वनी?"

"नाय. ह्यो आमचा भिक्या."

सुशील रेडिओ सुरू करून बचाववाल्यांना बोलवायला धावला. ते निघाले, पण धुळीत गाडी किती वेगानं येणार. पंखा बंद होता. आत हवा किती शिल्लक होती कुणी सांगू शकत नव्हतं. कादिरनं भोकात दोन्ही खांदे घातले.

"भिक्या, ये. इकडं ये."

"कुटं येव," आतून आवाज आला, शब्दाशब्दाला धाप. "बत्ती गेली. फुडनं बोलवतंव, मागनं बी बोलवतंव. कोन तुमी?"

"मी कादिर."

"मागला बी तसाच म्हनतोय."

नाव घेऊन कुणीही बोलवतं. 'ये' तर कुणीही म्हणतं. आत बसलेल्यानं कुठल्या तोंडाकडे यायचं, हे त्याला पटवायचं कशानं. आणि मग कादिरला जे सुचलं ते त्यानं केलं. डोळे मिटले आणि शुक्रवारच्या आवाजात, सावकाश, तोंडपाठ बोलायला लागला.

"वाचकहो, आता आपण भट्टीखान्यात प्रवेश करू. अंगरखा सावरून घ्यावा. भिऊ नये, हा जो गडगडाट ऐकू येतो तो राक्षसाचा नव्हे, वाफेचा आहे."

आतून हसल्यासारखा एक खोकला.

"कवरालची चेन लागत नाय," भिकू म्हणाला.

"येथे डोके खाली करा. हातानं चाचपीत, चाचपीत. उजव्या हातास लहानसे दार आहे, त्यातून माझ्या मागोमाग या." पुस्तकात ते दार डाव्या हाताला होतं. कादिर टाकीप्रमाणे बदलत गेला, भिंतीमागून भिंत. गुडघे लोखंडावर घासल्याचा आवाज येऊ लागला. थांबला. पुन्हा येऊ लागला. "आता डाव्या हातास. घाबरू नये. मनुष्याने अग्नी आणि उदक यांस एका जुवास जुंपले आहे, ते आपणास काय करणार. आता पुनः उजव्या हातास." मागच्या भिंतीवरून तेच शब्द भिकूकडे परत येत होते, पण एका श्वासानं उशिरा. गोष्ट कुठून सुरू होते ते ऐकणाऱ्याला कळत होतं.

बचाववाल्यांची गाडी थांबली त्याच वेळेला पहिल्या भिंतीच्या दारातून एक काळा, तेलकट हात बाहेर आला. सुशीलनं अर्धं अंग आत घालून तो मनगटात धरला. हात गरम होता.

भिकूला ऑक्सिजनची नळी लावली, पाणी पाजलं. जरा वेळानं तो बोलला. ग्राइंडर शेवटच्या खणात राहिला होता, तो आणायला वळला तेवढ्यात दिवे गेले. भोंग्यात शिट्टी ऐकूच आली नाही. मग दिशा गेली. "झाकन लावताना आयकला मी. पयली हाकबी आयकली. ओठ दातात धरून बसलू."

"मेला असतास," विनोद म्हणाला.

"ओ दिली असती तरी मेलो असतो, असा वाटत होता." तो कादिरकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "आज मागनं जो येत होता तो तुमचाच आवाज होता कादिरभाय. रोजचा तो नव्हता आज आत."

बिल्ल्याची चौकशी झाली. तीन माणसांचे तीन बिल्ले कादिरनं स्वतःच्या हातानं दिले होते, मग तिसरा कुणाला दिला? परांचीवाल्यांपैकी कुणी आडोशाला आला असेल आणि धुळीत घेऊन गेला असेल, असं ठरलं. सगळ्यांना विचारलं, कुणी हो म्हणालं नाही. कादिरला ताकीद मिळाली, भिकूला नवा बिल्ला. जुना सापडला नाही.

कॅम्पावरून कादिरनं साबिराला फोन लावला आणि तिला सगळं सांगितलं, हाताचा गारवा आणि पांढरी पूडसुद्धा, जे त्यानं चौकशीत सांगितलं नव्हतं. साबिराच्या मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"बिल्ला दिलात ना त्याला?" तिनं विचारलं.

"दिला."

"बरा केलात. बिचारा कदीपासून बसला होता कोन जाने."

शुक्रवारी भिकूनं स्वतःहून म्हटलं, "ता पान वाचा." खोलीत कुणी टर उडवली नाही. कादिरनं वाचलं: पांढरी खापरी, मुकादमाने हाक मारिली, सर्वांची ओ आली, झाकण, अग्नी, दुसरे दिवशी चूक, ध्वनीचा नियम. तिथे तो थांबला आणि पुस्तक मिटलं.

"एक शब्द राह्यला," भिकू म्हणाला.

"राहू दे."

शनिवारी टाकी पुन्हा तपासून बंद करायची होती. आकाश धुतल्यासारखं निळं होतं आणि फ्लेअर भडकून जळत होता. सुशील आत जाऊन शेवटच्या खणापर्यंत फिरून आला. कादिरनं एकेक नाव घेऊन तीन तीन हाका मारल्या. आता हे सगळ्यांसाठीच करायचं, असं सुशीलनं स्वतः सांगितलं होतं. विनोद आणि बाळकृष्णानं पहिल्याच हाकेला हात वर केले. भिकू त्याच्या पाठीशी उन्हात उभा होता, तरी तिसऱ्या हाकेलाच "ओ" म्हणाला.

मग कादिरनं पहिल्या सकाळी घातलं होतं तसं भोकात तोंड घातलं.

"कोन हाय काय आत?"

काळोखातून त्याचाच आवाज परत आला, त्याचेच शब्द, जरा उशिरानं, जरा फाटके. पुस्तकात लिहिलं होतं अगदी तसे. त्याच्यापुढे काही नाही. तो आणखी थोडा वेळ कान लावून बसला, उतारू नसलेल्या काठाकडे बघत बसावं तसा.

"आत कोणी नाही ना, चाचा?" सुशीलनं विचारलं.

"नाय साहेब," कादिर म्हणाला आणि स्टूल उचललं. "आता कोन नाय."